मी खोक्यात जाणार नाही

मी एका जपानी सणाचं चित्र बोलतोय. सध्या अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर उताणा पडलोय. शेजारी राखाडी खोकं उघडून ठेवलंय. त्यात मला घालणार आहेत, आणि मला जायचं नाही.

माझा जन्म जपानचा. लाकडी ठोकळे कोरून, एकेक रंग वेगळा दाबून मला छापलं. माझ्यासारखी शेकडो छापली. तिकडे तानाबाता नावाच्या सणाला लोक मनातल्या इच्छा कागदाच्या पट्ट्यांवर लिहून बांबूला बांधतात. माझ्यात गावभर छपरांवर ते बांबू उभे आहेत. ज्यांनी मला घेतलं त्यांनी सरळ भिंतीला चिकटवलं. पोरांनी बोटं लावली. हातमोजे कुणी घातले नव्हते.

फिरत फिरत अमेरिकेत आलो आणि एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या माळ्यावर वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. ते गेल्यावर घरातलं सामान विकायला काढलं, तिथे सुनेत्राने मला पाहिलं. नवऱ्याला म्हणाली, "निमिष, बघ ना, घराघरावर गुढ्या उभारल्यात." त्याचं लक्ष एका ड्रिल मशीनकडे होतं. त्याने मान डोलावली.

फ्रेमची काच तडकली होती, ती तिने काढून टाकली आणि मला हॉलमध्ये लावलं. पाडव्याला आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेला झेंडूचा हार घातला, कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं. तिची चूक मला कळत होती, पण खरं सांगतो, मला ती आवडली.

काल तिची मुलगी शिवांगी आली. ती म्युझियममध्ये जुने कागद जपायचं काम करते. कुंकू पाहताच तिने मला खिळ्यावरून खाली उतरवलं. "आई, धिस इज नॉट गुढीपाडवा. इट्स तानाबाता. अँड यू पुट कुंकू ऑन इट?" मग तिने समजावलं, की उजेडाने रंग उडतात, डाग काढावा लागेल आणि यापुढे मला अंधारातच ठेवायला हवं.

सुनेत्रा ओशाळली. मग भिंतीवर काय लावू, असं तिने हळूच विचारलं.

"कॉपी लावू. सेम दिसेल."

सेम? अगं, मी स्वतःच शेकडो प्रतींतला एक. पण त्यांच्यात पूजा झालेला मी एकटाच असेन. तो डाग माझा आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही.

शिवांगी, तू मला वाचवायला निघालीस, तुझी माया कळते मला. पण अंधारात टिकून मी कुणाचा सण साजरा करू? रंग उडतील तर उडू देत. जरा आईकडे बघ. ती अजून त्या रिकाम्या खिळ्यासमोर उभी आहे. उचल मला आणि तिच्या हातात दे.