अवघड बोलण्याचा सराव

नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हटलं की इतिदालला आधी जांभई यायची. निर्वासितांच्या छावण्यांत केस पिकवलेल्या बाईला दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यावं, हे दर वर्षी नव्याने शिकवायला कुणी ना कुणी येतंच. मृत समुद्राकाठचं हॉटेल तेच, भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या त्याच. शिकवणारे तेवढे बदलतात. यंदा बैरूतची जोसलीन होती. पोरगी गुणाची, पण येता-जाता सगळ्यांना 'नेते हो' म्हणायची.

तरी न येऊन चालणार नव्हतं. संस्थेकडे येणारा पैसा आटला होता. जॉर्डनमधली अम्मान आणि मफ्रक, दोन्ही कार्यालयं एक होणार आणि प्रमुख एकच राहणार. मफ्रकची प्रमुख इतिदाल. अम्मानचा नायेफ, ज्याला तिनेच कधीकाळी पीठवाटपाच्या रांगेवर नेमलं होतं. आपण गेलो तर मफ्रकच्या माणसांना कोण वाली, या काळजीने तिची झोप उडाली होती.

दुपारी जोसलीनने सगळ्यांना दोघादोघांत बसवलं. सराव होता सहकाऱ्याला नोकरी गेल्याचं सांगण्याचा. नायेफ आपणहून इतिदालकडे आला, हातात कॉफीचे दोन कप.

"साहेब मी बनतो, उम्म लैथ." लैथची आई म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारत.

"हो बाबा. मला काय, बसून ऐकायचंय."

तो सावकाश बोलू लागला. निर्णय वरून आलाय, तुमच्या कामाबद्दल दुमत नाही, मफ्रकचं कार्यालय महिनाअखेर बंद होतंय. ऐकता ऐकता इतिदालने आपली कॉफी संपवली.

"बरं बोललास," ती म्हणाली. "पण कौतुक आधी नको. ज्याची भाकरी जातेय त्याला कौतुकाचा राग येतो. आणि मान खाली का? चोरी केलीस?"

नायेफने मान वर केली. तेव्हा तिचं लक्ष त्याच्या कपाकडे गेलं. कप तिच्या पुढ्यात ठेवलेला होता, ओठही न लावलेला. त्यांच्या रिवाजात मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी अशी ठेवतो आणि समोरचा 'पी, दिलं' म्हणेपर्यंत तिला शिवत नाही. सरावात हे कोण करतं?

"कधी कळलं तुला?"

"सकाळी फोन आला. म्हणाले, तूच सांग."

"आणि हीच वेळ सापडली?"

"हिंमत नव्हती हो. वाटलं, खेळाच्या आडून जमेल."

तिला राग आला, चांगलाच आला. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो कधीच संपला होता.

"माग काय ते."

"तुमच्या लोकांना तुम्हीच सांगा. मला ते दारातही उभं करणार नाहीत."

मफ्रकची माणसं तिला आठवली. एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता.

"पी," ती शेवटी म्हणाली. "दिलं."

नायेफने गार झालेली कॉफी एका घोटात संपवली.

तेवढ्यात जोसलीन आली. "नेते हो, तुमचं किती खरं वाटत होतं. सगळ्यांसमोर करून दाखवता का?"

नायेफचा चेहरा पडला. तो नको म्हणणार, तोच इतिदाल टेबलाचा आधार घेऊन उठली.

"दाखवतो की. पण आता तू ऐकायला बस, नायेफ. मी सांगते. उद्या मफ्रकला मला हेच करायचंय."