मोल्ड म्हणजे काय

वडगावातल्या विणकरांच्या अख्ख्या गल्लीत इंग्रजी शिकलेला एकटा सुबराव. त्यामुळं गडी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालायचा.

त्या वर्षी त्याच्या बहिणीचं, चंपाचं, शहापुरात ठरलं होतं. ठरलेल्या नवरीला गौरी पुनवेला मुलाकडच्यांनी साखरेच्या आरत्या आणायच्या, ही इकडची रीत. आरत्या म्हणजे पाक लाकडी साच्यात ओतून केलेले हत्ती, राघू, देवळं. मुलाची आई दुर्गाबाई भरलं ताट घेऊन आली. साचे तिच्या माहेरचे, आरत्या तिच्या हातच्या. बाईला कोण कौतुक!

नेमकी तेव्हाच साड्या बघायला मिशनची मड्डम आली. तिनं ताटातला हत्ती उचलला, उलटासुलटा केला आणि भराभर काहीबाही बोलली. त्यातला 'मोल्ड' तेवढा सुबरावाला कळला.

"काय म्हणती रं?" त्याच्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं.

दारात जमलेली गल्ली सुबरावाकडं बघायला लागली. त्याच्या शाळेच्या पुस्तकात शिळ्या पावावर मोल्ड आला होता. तेवढाच त्याला ठाऊक. त्यानं छाती काढून सांगितलं, "बुरशी आलीया म्हणती."

झालं! ठरलेल्या नवरीला बुरशीची साखर? आप्पांनी ताट बाजूला सारलं. चंपानं हातातला राघू परत ठेवला. दुर्गाबाईचं तोंड एवढंसं झालं.

"कालच केल्यात ह्या," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. आपलं सूत जुळायचं न्हाय." आणि ताट झाकून उठली.

मड्डम गोंधळली. लाकूड कोरल्यासारखा हात फिरवून तिनं सुबरावाला विचारलं, हा मोल्ड कुणी केला, बघायला मिळेल का? आत्ता कुठं सुबरावाला उमगलं. बुरशी कोण कशाला कोरेल? मोल्ड म्हणजे साचा. मड्डम मघापासून साच्याचं कौतुक करत होती.

"आता काय म्हणती?" आप्पांनी विचारलं.

दुर्गाबाई अजून उंबऱ्यातच होती. एक शब्द बोलला असता तर सगळं निभावलं असतं. पण गल्लीसमोर 'चुकलो' म्हणायला जीभ रेटेना.

"काय न्हाय. जाते म्हणती," तो म्हणाला. दुर्गाबाई निघून गेली.

चंपानं अन्न सोडलं. बहिणीचं ते तोंड बघवेना, तेव्हा सुबराव शहापूरला गेला. "मास्तरांस्नी विचारलं, तवा अर्थ कळला," असं दुर्गाबाईला सांगितलं. म्हणजे तिथंही पुरतं खरं बोलला नाहीच.

दुर्गाबाईचा जीव भांड्यात पडला. "शिकल्यालं पोर आपल्या पायानं चूक सांगाय आलं," ती म्हणाली, "असं सोयरं मिळाय नशीब लागतंय."

ती ताट घेऊन पुन्हा आली. आप्पांनी हात जोडले. सगळ्यांनी मिळून इंग्रजीला शिव्या घातल्या आणि सुबरावाची पाठ थोपटली. त्याची मान वर होईना. गडी लाजतोय असं लोकांना वाटलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

पाहुणे गेल्यावर चंपानं साखरेच्या हत्तीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"आण्णा, पयल्यांदा चुकलास ते इंग्रजीपायी," ती हळूच म्हणाली. "पन मड्डमनं हात फिरवून दाखिवला न्हवं, तवा मी तुझंच तोंड बघत व्हते."

सुबरावानं चटकन दाराकडं बघितलं.

"कुणाला सांगायची न्हाय मी. खा."

तुकडा हातावर विरघळायला लागला, तरी त्याच्यानं तो तोंडात घालवेना.