फिटरनं बुजवलेली नाली

आमच्या ह्यांना कुठेही खुर्ची मऊ मिळाली की झोप लागते. नाटक असो, भाषण असो, हे पाचव्या मिनिटाला घोरायला लागलेच. त्यामुळे कॉलेजातल्या इतिहासाच्या फुकट व्याख्यानांना मी ह्यांना दर बुधवारी ओढून न्यायचे, ते कोपरानं ढोसायची तयारी ठेवूनच. निवृत्त झाल्यापासून घरात बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत असतात, त्यापेक्षा ते बरं.

सहाव्या बुधवारी मात्र हे टक्क जागे होते. व्याख्यान देणाऱ्या बाई स्वतः उत्खनन करतात. त्यांनी जुन्या शहराचा नकाशा भिंतीवर दाखवला आणि म्हणाल्या, "घरं सापडली, विहिरी सापडल्या, पण सांडपाण्याची नाली काही सापडत नाही. पुढच्या महिन्यात कॉलेजमागच्या मैदानात खणणार आहोत. वीस दिवसांची परवानगी आहे. तिथे नाही मिळाली, तर विषय संपला."

ह्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, पित्त झालं असेल.

घरी आल्यावर चहा पुढे ठेवला, तर कपाला हात लावीनात. मग म्हणाले, "ती नाली मैदानात नाहीये. कॉलेजसमोरच्या रस्त्याखाली आहे. मीच बुजवलीय."

हे पाणीपुरवठा खात्यात फिटर होते. एकतीस वर्षांपूर्वी त्या रस्त्यात पाइपासाठी चर खणताना पहार जुन्या विटांना लागली. "मुकादम म्हणाला, बोललास तर काम बंद पडेल. चारशे घरांना नळ नव्हता. मी माती लोटली."

एकतीस वर्षं! मला एखादी गोष्ट कळली की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळते, आणि हा माणूस इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसला होता. मला भयंकर राग आला.

"बाईंना सांगून टाका," मी म्हटलं.

"आणि लोक काय म्हणतील? अख्ख्या नोकरीत एक ठपका नाही माझ्यावर. आता म्हातारपणी उभं राहून सांगू, की मी लपवाछपवी केली?"

"मग त्यांना वीस दिवस भलत्याच जागी खणू देणार?"

ह्यांनी गार झालेला चहा मोरीत ओतला. मी ठरवलं, पुन्हा विषय काढायचा नाही. आठवडाभर सांगायला पोट फुगलं होतं, पण नाही काढला.

पुढचा बुधवार शेवटचा होता. ह्यांनी आपणहून इस्त्रीचा शर्ट काढला. व्याख्यानानंतर पहिल्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांनी प्रश्न विचारला, म्हणजे नेहमीसारखं आणखी एक व्याख्यान दिलं. ते बसले आणि हे उभे राहिले. मी मागून शर्टाचं टोक धरून ठेवलं.

"मी फिटर होतो. तुमची नाली मी बघितलीय, आणि मीच बुजवलीय. समोरच्या रस्त्याखाली आहे."

सगळे माना वळवून बघायला लागले.

"फोडलीत?" बाईंनी विचारलं.

"नाही. पाइप वरून वळवून नेला."

"तेव्हाच सांगायला हवं होतंत."

"हवं होतं. चुकलं माझं."

आता चांगली बोलणी बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण बाईंनी वही उघडली. "किती खोल?"

"सात फूट. आणि उतार मैदानाकडे नाही, बाजाराकडे आहे."

बाईंनी ह्यांना पुढे बोलावलं आणि खडूच हातात दिला. हे फळ्यावर रेघा ओढत अर्धा तास बोलले. लग्न झाल्यापासून माझ्याशी सलग अर्धा तास बोललेले नाहीत. मला अभिमान वाटला आणि थोडा हेवाही, खोटं कशाला सांगू? बाई म्हणाल्या, मैदानातलं काम थांबवते आणि रस्त्यासाठी नवा अर्ज करते.

परत येताना रस्ता ओलांडता ओलांडता हे मध्येच थांबले. "इथे," म्हणाले.

"कशी होती हो?"

"सुरेख. विटेला वीट अशी बसवलेली, की मध्ये सुई जाणार नाही. पहार लागून एकच वीट सरकली होती, तिथून हात घातला, तर आत अजून पाणी वाहत होतं. थंडगार."

"मग?"

"मग काय, मुकादम घाई करत होता. पण मनात आलं, धावत घरी जावं आणि तुला घेऊन यावं. दाखवायला."

मागून गाडीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, वाजवू दे.