धुक्यातली खरखर

मी बोलतेय, एक जुनी वॉकीटॉकी. आजवर दुसऱ्यांचेच आवाज इकडून तिकडे नेले. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतेय, तेव्हा थोडं अडखळले तर सांभाळून घ्या.

माझी पहिली नोकरी समुद्रापलीकडच्या एका बंदरावर झाली. पहारेकऱ्यांच्या कमरेला मी आठ वर्षं लटकले. ते कामाचं बोलत, नाहीतर जेवायला काय आहे ते विचारत. पुढे तिथे नवी यंत्रं आली आणि आम्हाला खोक्यात भरून निरोप दिला. फिरत फिरत मी आणि माझी जुळी बहीण दक्षिण ट्युनिशियातल्या जुन्या बाजारात येऊन पडलो. आजूबाजूला इस्त्र्या, मिक्सर, एकेकटे बूट. दोघींच्या अंगावर मिठाची पुटं चढली होती.

तिथून हदियाने आम्हाला उचललं. हदिया गाबेसच्या आखातात तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, खणणारी बाई. ओहोटी लागली की पाणी कोसभर मागे सरतं आणि गावच्या बायका विळे-बादल्या घेऊन ओल्या वाळूत उतरतात. वाळूवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली की तिथे विळा घालायचा, खाली तिसरी असते. हदियाची धाकटी बहीण रगाया गुडघ्याने अधू, म्हणून ती काठावर गाढवगाडीपाशी थांबायची. दोघींना एकमेकींशी बोलता यावं, एवढ्यासाठी आमची खरेदी.

पण घरी आल्यावर आम्ही नुसत्या पिंपिं करत बसलो. दोघी बहिणींनी आम्हाला आपटून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिलं, शेवटी नूरीच्या दुकानात आणलं. नूरी गावातले रेडिओ, पंखे, सगळं दुरुस्त करतो. त्याने माझी पाठ उघडली. फुगलेली बॅटरी बदलली, हिरवे पडलेले पितळी ठिपके खोडरबराने घासून लख्ख केले. मग माझ्या डोक्यावरच्या खुंटीभोवतीचं बारीक कडं फिरवून पाहिलं आणि हसला.

"मावशी, हिला काही झालेलं नाही. ही पहारेकऱ्यांची आहे. हिचं बोलणं कुलूप लावून जातं. दोघींच्या पोटात एकच गुप्त आकडा असला तरच एकीचं दुसरीला कळणार. जुना आकडा ही विसरलीय, म्हणून रडतेय."

"आणि ज्यांच्याकडे आकडा नाही त्यांना काय ऐकू येतं?" हदियाने विचारलं.

"नुसती खरखर."

"सबीहाला पण खरखर?"

"सबीहामावशीला पण."

"मग घाल आकडा," हदिया म्हणाली. तिला इतकं खूश झालेलं मी त्यानंतर क्वचितच पाहिलं.

सबीहा ही गावातल्या दुसऱ्या टोळीची म्होरकी. तिच्या बायकांनीही नूरीकडूनच वॉकीटॉकी घेतल्या होत्या, पण साध्या, कुलूप नसलेल्या. आणि हदियाकडे लपवण्यासारखं एक होतं: वाळूची एक जागा. तिच्या आईने शोधलेली. तिथल्या तिसऱ्या मोठ्या, दळदार. आईने ती फक्त आपल्या दोन मुलींना दाखवली. हदिया अजून वळसा घालून तिकडे जायची, इतरांनी पाऊलखुणा धरू नयेत म्हणून.

"आकडा कुणाला ओळखता येणार नाही असा सांग," नूरी संगणकाला वायर जोडत म्हणाला.

"हिचं खरं वय घाल," रगायाने बहिणीकडे बोट दाखवलं. "ते आजवर कुणाला कळलं नाही."

नूरीने आकडा घातला आणि बजावलं, "कडं या बाजूला असलं की कुलूप, त्या बाजूला की उघडं. आणि बॅटरी एक-दोन दिवस काढून ठेवू नका, नाहीतर आकडा पुन्हा विसरतील." दोघींनी माना डोलावल्या.

तो हिवाळा आमचा फार सुखाचा गेला. हदिया मला ओढणीत गुंडाळून छातीशी बांधायची. "रगाया, इथे अंगठ्याएवढ्या आहेत गं!" असं ती पुटपुटायची आणि काठावरून रगाया सांगायची, "बास कर आता, पाणी फिरायला लागलंय." कधी नुसतंच, "चहा ठेवलाय." पहारेकऱ्यांच्या आठ वर्षांत माझ्यातून असं मायेचं बोलणं गेलं नव्हतं.

रगायाला मिठाचा भारी राग. दारं, भांडी, गाढवाचं खोगीर, सगळं ती गोड्या पाण्याने धुऊन काढते. एका शुक्रवारी तिची नजर माझ्या बहिणीवर गेली. तिने तिची बॅटरी काढली, ओल्या फडक्याने खसाखसा पुसली आणि सुकायला गच्चीवर ठेवली. चांगली दोन दिवस. बहीण स्वच्छ झाली, पण हदियाचं वय साफ विसरली.

रविवारी सकाळी ओहोटी होती. हदिया आईच्या जागेवर पोचली, दोन बादल्या भरल्या, आणि मान वर केली तर काठ नाहीसा झालेला. धुकं असं उतरलं होतं की तिला स्वतःच्या बादल्याही नीट दिसेनात. पायाखालून पाणी सरकलं, ते समुद्राकडून येत होतं की शेजारच्या खळग्यातून, काही कळेना.

तिने माझं बटण दाबलं. "रगाया, हाक मार गं. दिशा चुकलेय मी."

उघड्यावरचं बोलणं मला कुलूप असतानाही ऐकू येतं, म्हणून उत्तरादाखल रगायाचा घाबरा आवाज आला. "हदिया, तू बोलतेयस का? नुसती खरखर येतेय. माझी कुलपावर ठेवली की पिंपिं करते, म्हणून मी उघड्यावर बोलतेय. तुझं काहीच कळत नाही!"

हदियाच्या लक्षात आलं. कडं फिरवायला हवं होतं. पण त्याच उघड्या वाटेवर सबीहाच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. तिचं बोट कड्यावर टेकून राहिलं. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. मला तिच्या छातीचे ठोके जाणवत होते. मी म्हणत होते, फिरव गं बाई, फिरव. पण माझं कोण ऐकणार?

शेवटी तिने कडं फिरवलं. "रगाया, मी चुकलेय. पाणी चढतंय."

"कुठे आहेस?"

"तिथेच."

"तिथेच म्हणजे आपल्या…"

"नाव घेऊ नकोस!"

तेवढ्यात तिसरा आवाज आला, जाडाभरडा. "हदिया, मी सबीहा. पाणी कुठवर आलंय?"

हदियाने बटणावरचं बोट काढून घेतलं.

"अगं बये, तुलाच विचारतेय."

"गुडघ्याच्या वर."

"जागा सांग."

हदियाने बादल्या जवळ ओढल्या.

"बुडशील, पण सांगायची नाहीस! तुझी आईपण अशीच होती. माझ्या आईच्या मांडीला मांडी लावून जेवायची, पण तेवढं एक बोलायची नाही. तू बुडालीस की त्या तिसऱ्या काय डोक्यावर घेऊन जाणार आहेस?"

"सांग गं," रगाया रडत होती. "आईसुद्धा आता सांग म्हणाली असती."

हदियाने डोळे मिटले. "फुटक्या बोटीच्या फासळ्या आहेत ना… त्यांच्या पलीकडे. समुद्राच्या अंगाला, दीडशे पावलं."



"पलीकडे?" सबीहा ओरडली. "आणि आम्ही मेल्या इतकी वर्षं अलीकडे खणतोय! आत्ताही फासळ्यांपाशीच आहोत. भलतीकडे जाऊ नकोस. आम्ही बादल्या वाजवतो, आवाजाच्या रोखाने ये."

पण तो आवाज माझ्यातूनही येत होता आणि हवेतूनही. माझ्यातल्या आवाजाला दिशा नसते. हदियाला ते समजलं. तिने माझी खुंटी फिरवून मला मुकं केलं. आयुष्यात पहिल्यांदा, गप्प बसणं हेच माझं काम होतं. मग दुरून, डाव्या बाजूने, विळे बादल्यांवर आपटल्याचा आवाज आला. टण टण टण. भरलेल्या बादल्या तिथेच सोडून ती तिकडे निघाली. मांड्यांपर्यंत पाणी, मग कमरेपर्यंत. मीही अर्धी भिजले. आणि मग धुक्यातून एक हात आला, खरखरीत आणि मिठाने फाटलेला. त्यामागे दुसरा, तिसरा. हातात हात धरून सात बायका उभ्या होत्या.

काठावर रगायाने बहिणीला मिठी मारली आणि हुंदके देत म्हणाली, "मी तिला धुतली गं."

"कुणाला?"

"वॉकीटॉकीला."

सबीहा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिने आपली कोरडी शाल हदियाला पांघरली आणि तिखट हरिसा चटणी लावलेल्या रोटीचा तुकडा तिच्या हातात कोंबला. जागेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

 आईची जागा गेली, हे हदियाने मनाशी धरलंच होतं. पुढच्या ओहोटीला ती नेहमीसारखी वळसा न घालता सरळ निघाली. आता कुणापासून लपायचं? जागेवर पोचून पाहिलं, तर वाळू तशीच, अस्पर्श. दोन-दोन भोकांच्या खुणा जागच्या जागी. मागे वळली. फासळ्यांपाशी सबीहा आणि तिच्या बायका उभ्या होत्या. रेघ मारल्यासारख्या, त्याच्या पुढे एकीचंही पाऊल नव्हतं.

माझ्यातून जाडाभरडा आवाज आला. "हदिया, येऊ का?"

हदियाने बटण दाबलं आणि लगेच बोलली. "सबीहा, ये."

आता मी म्हातारी झालेय. माझं कवच चिकटपट्टीवर टिकून आहे. माझी एकच विनंती आहे. माझ्यातून कुणाशी बोलायचं असेल तर बटण दाबून एक श्वास थांबा. लगेच बोललात की पहिला शब्द माझ्याकडूनच गळून जातो, आणि पहिला शब्द बहुतेक वेळा कुणाचं तरी नाव असतं. त्या दिवशी सबीहाला तिचं नाव ऐकू आलं नाही. नुसतं "ये" पोचलं. तेवढ्यावर ती आली.