पाच भोकांचा गुलाबी कार्बन

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे. डबा म्हटलं की तुम्हाला लाडू आठवतील, म्हणून हेही सांगतो, माझ्यात खायचं काही नाही. माझ्या पोटात रंगीत गोळ्या आणि काड्या आहेत. काळी गोळी म्हणजे कार्बन, पांढरी हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, हिरवी क्लोरीन. काड्या खुपसून गोळ्या जोडायच्या की झाला रेणू तयार. साखरेचा करा, व्हिनेगरचा करा, डोळ्याला न दिसणारं जग हातात धरता येतं! आहे की नाही भारी? पण मला विचारतंय कोण?

मी कारखान्यात साच्यातून पडलो, अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावी एका कॉलेजच्या दुकानात आलो, आणि तिथून ओडिलियाने मला उचललं. ओडिलिया मेडेरॉस. तेव्हा ती कॉलेजात होती, वेणी घालायची, आणि तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. आईशपथ सांगतो, तिच्यासारखे हात मी पाहिले नाहीत. पुस्तकात नुसतं चित्र दिसलं की तिच्या बोटांत रेणू तयार! सेंद्रिय रसायनशास्त्रात ती वर्गात पहिली आली. तिने माझ्या झाकणाची पापी घेतली. खोटं नाही सांगत. लिपस्टिकचा डाग कितीतरी दिवस होता.

मग तिचे बाबा गोदीत शिडीवरून पडले आणि अंथरुणाला खिळले. डॉक्टर व्हायला लागणारी वर्षं घरात कुणाकडे नव्हती. ओडिलियाने लवकर संपणारा कोर्स केला आणि दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट झाली, म्हणजे लोकांचे दात साफ करायचे, हिरड्या तपासायच्या. मी गेलो माळ्यावर.

माळ्यावरचं सांगू? नको, चिडायला होतं. नुसता पडून राहिलो असतो तरी चाललं असतं, पण ओडिलियाची आई, देओलिंदाबाई! जन्मभर शिवणकामाच्या कारखान्यात बटणं लावलेली बाई, तिला कुठलीही गोल वस्तू वाया गेलेली बघवत नाही. दर नाताळात त्यांच्या दिवाणखान्यात शेवाळ, खडे, कागदाचे डोंगर मांडून येशूच्या जन्माचा गोठा सजतो. तर माझे ऑक्सिजन गोठ्यात सफरचंदं म्हणून लागले. माझे हायड्रोजन कोबी झाले. कार्बन धनगरांच्या चुलीजवळ कोळसा म्हणून! मी, ज्याच्यातून साखर घडते, तो कोळसा! तरी एक गोष्ट कबूल करतो, देओलिंदाबाई मला दरवर्षी धुऊनपुसून परत भरायची. बुरशी लागू दिली नाही.

आणि मग परवाच्या उन्हाळ्यात ती भानगड झाली.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. ओडिलियाने हिंमत केली आणि डेंटल कॉलेजला विचारलं, आता अर्ज करू का? उत्तर आलं की तुमचं सेंद्रिय रसायनशास्त्र फार जुनं झालं, ते धरता येणार नाही, पुन्हा शिकून चांगले गुण घेऊन या.

"जुनं झालं?" ओडिलिया स्वयंपाकघरात ओरडली. "दूध आहे का ते नासायला? कार्बनला तेव्हा चार हात होते, आता काय सहा फुटले?"

"बाळा, सूप गार होतंय," देओलिंदाबाई म्हणाली.

"आई, जीवशास्त्र पण पुढच्या वर्षी जुनं होणार! आत्ता हे पास झाले तरच या खेपेला अर्ज. नाही झाले तर हे करेपर्यंत ते शिळं, ते करेपर्यंत फिजिक्स शिळं. मी काय म्हातारी होईपर्यंत पहिल्याच इयत्तेत बसू?"

"मग बस ना लवकर. तुझ्या त्या गोळ्या नाताळच्या खोक्यात आहेत."

अशी माझी सुटका झाली, मित्रांनो! पण मोजल्यावर कळलं, एक कार्बन कमी. कुठल्या नाताळात कुठल्या कचऱ्यात गेला, देव जाणे. दवाखान्यात ओडिलियाची मैत्रीण आहे, लुर्देस, तिच्या शेजारी बसून मदत करणारी. तिने कवळीच्या हिरडीचं गुलाबी प्लास्टिक घेतलं, गोळी वळली, चार भोकं पाडली. "घे तुझा कार्बन. हसला तर हिरडी दिसेल." असा आमच्यात एक गुलाबी भिडू आला.

कॉलेज सुरू झालं. वर्गात सगळी कोवळी पोरं, आणि शिकवणारे थिबोडो सरसुद्धा ओडिलियापेक्षा लहान. तसे ते अतिशय भले, पण "तुम्हाला अवघड जात असेल ना, मध्ये बरीच वर्षं गेली" असं इतक्या गोड आवाजात म्हणायचे की माझं झाकण ताडकन उडायचं बाकी राहायचं. अवघड? तिला? तुम्ही हिला वेणीत पाहिलंत का?

पहिली परीक्षा डाव्या-उजव्या रेणूंवर होती. हे कळायला सोपं आहे, थांबा, सांगतो. एका कार्बनला चार वेगवेगळ्या गोळ्या लावल्या की तो दोन तऱ्हांनी जोडता येतो, डाव्या आणि उजव्या हातमोज्यासारखा. कुठला कुठला हे कसं ओळखायचं? सगळ्यात हलकी गोळी, बहुतेकदा पांढरी, ती आपल्यापासून लांब धरायची. मग उरलेल्या तिघी आपल्यासमोर येतात. जड, मग त्याहून हलकी, मग त्याहून हलकी, अशी नजर फिरवायची. घड्याळाच्या काट्यासारखी फिरली तर उजवा, उलटी फिरली तर डावा. बस, एवढंच.

ओडिलियाने रेणू झकास जोडले. एक काडी चुकली नाही. आणि उत्तरं लिहिली, डावा, उजवा, डावा. मी बघतोय तर सगळी उलटी! सगळी! अगं उजवा आहे तो, उजवा! मी ओरडत होतो, पण डब्याला तोंड कुठे असतं? नुसतं झाकण.

पेपर परत आला तेव्हा डाव्या-उजव्याचा एकही प्रश्न बरोबर नव्हता. थिबोडो सर म्हणाले, "ओडिलिया, अजून वेळ आहे, विषय सोडू शकता. नाहीतर शेवटची परीक्षा उत्तम द्या, मग ही परीक्षा मी धरणार नाही."

ती पार्किंगमध्ये गाडीत बसली आणि मला शेजारच्या सीटवर आपटलं. "गंजलं," ती म्हणाली. "गंजलं माझं डोकं. ते म्हणतात ते खरंच आहे." तिच्या तोंडून हे ऐकायचं होतं मला? माळ्यावर बरा होतो मी!

पुढचे कितीतरी दिवस तेच. सकाळी कामाआधी जोडायची, उलटं सांगायची, पुस्तकात बघायची, कपाळावर हात मारून घ्यायची. एका दुपारी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती मला घेऊन बसली. शेजारी लुर्देस पावात सॉसेज घालून खात होती. ओडिलियाने गुलाबी कार्बनचा रेणू जोडला आणि दोघींच्या समोर धरला.

"लुर्देस, मला वेड लागलंय का बघ. हिरवी, मग लाल, मग काळी. कशी फिरते नजर?"

"घड्याळासारखी," लुर्देस तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

"नाही गं, उलटी."

"अगं बाई, घड्याळासारखी! समोर दिसतंय!"

"तुझ्याकडून नको बघूस, त्याच्याकडून बघ ना."

"कोणाकडून?"

"त्याच्या..."

आता मित्रांनो, दवाखान्यातली एक पद्धत सांगितल्याशिवाय ही गंमत कळायची नाही. तिथे ओडिलिया तोंडात बघून मापं सांगते आणि लुर्देस कॉम्प्युटरवर भरते. पण उजवी बाजू म्हटली की ती बघणाऱ्याची नाही, खुर्चीत बसलेल्याची. समोरून बघाल तर त्याचा उजवा दात तुमच्या डाव्या हाताला. नवीन माणूस हमखास चुकतं, मग सगळे ओरडतात, "कोणाचा उजवा?" आणि त्याने म्हणायचं, "खुर्चीतल्याचा!" ओडिलिया हे इतकी वर्षं करतेय की समोर काहीही आलं, तिची नजर मुकाट्याने पलीकडे जाऊन त्याच्या जागेवरून बघते.

लुर्देसने पाव खाली ठेवला. "ओडी, कोणाचा उजवा?"

"खुर्चीतल्याचा," ओडिलिया अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"आणि खुर्चीत कोण बसलंय? कार्बन? चूळ भरायला सांगू त्याला?"

लुर्देस पोट धरून हसली. ओडिलिया नाही हसली. तिने टेबलावर मूठ मारली. "म्हणजे मी विसरले नव्हते! एवढे दिवस मी स्वतःला गंजलेली म्हणत होते, आणि मी फक्त... फक्त नोकरी करत होते!"

तुम्हाला वाटेल, झालं, सुटलं कोडं. कुठलं काय! कळणं वेगळं आणि सवय सुटणं वेगळं. ती रेणू नीट बघायला लागली, तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात तिने एका आजोबांची डावी दाढ उजवी सांगितली. लुर्देसने पकडलं म्हणून बरं. मग घाबरून तिने दवाखान्यात नजर पक्की खुर्चीत नेऊन बसवली, तर संध्याकाळी कॉलेजात रेणू परत उलटे. इकडे बरोबर की तिकडे चूक. शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा निम्मे उलटे आले. तिने मला बंद केलं आणि झोपायला गेली.

सकाळी ती तयार होत असताना देओलिंदाबाईने हळूच माझं झाकण उघडलं. डिसेंबर होता, दिवाणखान्यात गोठा मांडायला घेतलेला. तिने गुलाबी कार्बन घेतला, तीन भोकांत काड्या घातल्या, ते पाय. चौथ्यात पांढरी गोळी, ती शेपूट. आता डोकं कुठे लावायचं? बाईने स्वेटर विणायची सुई गॅसवर लाल केली आणि तीन पायांच्या बरोब्बर मध्ये जागा बघून खुपसली. चर्र! मित्रांनो, जीव गेला माझा. पाचवं भोक! तिथे काळी गोळी बसवली आणि गुलाबी मेंढी तयार झाली. माझ्यात ठेवून बाईने वर क्रूसाची खूण केली. मुलीला गोठ्यातल्या मेंढीचा आशीर्वाद.

परीक्षेचा नियम असा की डबा न्यायला परवानगी आहे, पण आत जोडलेलं काही नको. घरून उत्तर जोडून आणलं तर ती कॉपी. थिबोडो सर प्रत्येकाचं झाकण उघडत आले.

"ओडिलिया," ते म्हणाले, आणि तो गोड आवाज गायब. "हे जोडलेलं आहे."

ओडिलियाने आत पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. "सर, मी नाही... ही मेंढी आहे. माझ्या आईने केलीय."

"काहीही असो. हा डबा मला बाजूला ठेवावा लागेल."

माझ्याशिवाय? या विषयात? मला रडू कोसळलं. आणि तेवढ्यात माझी जुनी ओडिलिया जागी झाली, ती वेणीवाली.

"सर, मोजा ना. या कार्बनला हात किती आहेत?"

सरांनी मेंढी उचलली. फिरवून बघितली. "पाच."

"पाच हातांचा कार्बन तुमच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? असेल तर मी आत्ता घरी जाते."

मागची पोरं फिस्सकन हसली. सर ओठ दाबून उभे राहिले, मग त्यांनाही हसू आवरेना. "मोडा ती," ते म्हणाले, "आणि आईला सांगा, निसर्गात असं चालत नाही."

ओडिलिया मेंढी मोडायला लागली. डोकं काढलं. आणि थांबली. सुईचं भोक तिच्याकडे बघत होतं, आणि शेपटीची पांढरी गोळी बरोब्बर त्याच्या मागे, पलीकडे. हलकी गोळी लांब, आणि तोंड आपल्याकडे! आजवर जे तिला साधत नव्हतं, ते आईने तापल्या सुईने कोरून दिलं होतं. ती पुटपुटली, फक्त मला ऐकू आलं, "मेंढी काही खुर्चीत बसत नाही."

मग काय सांगू! प्रत्येक प्रश्नाला गुलाबी कार्बन मध्ये. हलकी गोळी शेपटीला, भोक आपल्याकडे, तीन पायांवरून नजर. घड्याळासारखी? उजवा. उलटी? डावा. तिची बोटं पुन्हा तशीच धावत होती आणि मी आतून नुसता खुळखुळत होतो.

निकाल नाताळच्या आधी लागला. गुण चांगले आले, डेंटल कॉलेजने मागितले होते त्याहून वर. जीवशास्त्र शिळं व्हायच्या आत आता तिचा अर्ज जाईल. लुर्देसने फोनवर किंकाळी फोडली. देओलिंदाबाईने गोड पाव कापला आणि विचारलं, "मग आता या गोळ्या गोठ्याला घेऊ?"

"मेंढी घे," ओडिलिया म्हणाली. "तिचा मान आहे. पण नाताळ झाला की परत डब्यात. आणि डबा माळ्यावर नाही हं ठेवायचा, इथे, फडताळात, हाताशी."

"का गं? झालीस ना पास?"

"या लोकांचा काय भरवसा, आई? परत म्हणतील जुनं झालं!"

तर आता मी मिठाच्या बरणीशेजारी आहे. कॉलेजचं बोलावणं यायचंय, आणि वाट बघून मी परत वैतागलोय. पण एक मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणाचं अर्धं राहिलेलं शिकणं एखाद्या डब्यात, खोक्यात पडलं असेल, तर ते फेकू नका. जुनं झालं म्हणून नाकही मुरडू नका. वर्षातून एकदा तरी धुऊनपुसून ठेवा, देओलिंदाबाईसारखं. हवं तर त्याचे कोबी करा, कोळसे करा, मी आता काही बोलणार नाही. फक्त हरवू देऊ नका.