कवचातून गेलेली आग

दवाखाना बंद असलेल्या दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला सरकवल्या जायच्या आणि टेबलावर नकाशा, फासे, बोटाएवढ्या बाहुल्या यायच्या. खेळ चालवायची डॉक्टरांची मोठी बहीण. पडद्यांच्या कापडाचं दुकान सांभाळणारी ताई एरवी गिऱ्हाइकाला वीतभर कापड वर द्यायची, पण सूत्रधार म्हणून बसली की सख्ख्या भावालाही सूट नाही. राक्षस, राजे, वादळं सगळं तिच्या तोंडून यायचं. बाकीचे आपापलं पात्र खेळायचे.

डॉक्टरांचं पात्र म्हणजे एक म्हातारा जादूगार. फुंकर मारली तर पडेल असा, पण त्याच्या मंत्रकवचावर तलवारी आपटून परत जायच्या. कित्येक वर्षं त्यांनी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. त्यांची बायको अलीकडेच खेळायला लागली होती. तिची होती योद्धी, हातात पेटती तलवार.

त्या दुपारी चेटकिणीने योद्धीला भुरळ घातली. ताई म्हणाली, "आता तुला जादूगारावर वार करावा लागेल."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "साधी कट्यार काढू का?"

"तलवारच काढ," डॉक्टर ऐटीत मागे रेलले. "कवच आहे."

"आणि आग?"

"अगं, कवच म्हणजे कवच."

तिने फासा टाकला. ताईने आकडा पाहिला. "पातं कवचावर अडलं. आता आगीचे फासे टाक."

"आगीचे कशाला?" डॉक्टर सरळ बसले.

"तुझं कवच वार अडवतं. आग म्हणजे वार नव्हे. मागे लोखंडी कातडीच्या राक्षसाला याच तलवारीने कसं मारलं आपण? पातं अडलं तरी धग आत जाते, हे तासभर भांडून तूच मला पटवलंस."

रोज दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या माणसाचा स्वतःचा आ तसाच राहिला.

बायकोने फासे टाकले. सहा. सहा. पाच. म्हाताऱ्याच्या अंगात तेवढा जीवच नव्हता.

"गेला," ताई हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी जादूगाराची बाहुली उचलून मुठीत धरली.

"ताई, मी परत टाकते ना," बायको म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं."

ताईचे डोळे भरले होते, पण तिने नकारार्थी मान हलवली.

"नको," डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन दिलेल्या पेशंटसारखी त्यांची जीभ जड झाली होती. "नियम बरोबर आहे. मला फक्त वाटलं होतं, हा कधी मरायचाच नाही."

ताईने योद्धीच्या बाहुलीवर बोट ठेवलं. "त्याला जळताना पाहून तुझी भुरळ उतरली. चेटकीण पाठमोरी उभी आहे, हसतेय. काय करतेस?"

बायको नवऱ्याच्या मुठीकडे बघत राहिली. "त्याला उचलते आणि बाहेर पळते."

"आत्ता ती सहज मरेल. अशी संधी पुन्हा नाही मिळायची."

"मरू दे संधी. याला इथे टाकून मी लढणार नाही."

डॉक्टरांनी मूठ उघडली आणि बाहुली योद्धीच्या पायाशी आडवी ठेवली.

"जड आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली आणि दोन्ही बाहुल्या एकत्र धरून नकाशावरच्या दाराकडे सरकवू लागली.