गाठीतला प्रसाद

पौर्णिमाने श्रावणीच्या ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि आतून साखरफुटाणे तिच्या हातावर पडले. 

"हे काय वं?"

"सकाळचा प्रसाद," लेक म्हणाली. "तू तं अशीच बांधतं पदरात."

बालवाडीच्या हॉलमध्ये 'आमच्या घरची प्रार्थना' हा कार्यक्रम रंगात आला होता. घरी जे बघता तेच करून दाखवा, असं आकांक्षा मॅडमनी मुलांना सांगितलं होतं. घरची माणसंही बोलावली होती, आणि पहिल्याच रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून पौर्णिमाच्या सासूबाई, विमलबाई, बसल्या होत्या.

पौर्णिमा रिद्धपूरकडची, महानुभाव घरातली. परमेश्वराखेरीज दुसऱ्या कुठल्या देवतेचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, हे तिचं बाळकडू. लग्न ठरताना विमलबाईंनी विचारलं होतं, "आमच्या देवीचं सारं करन ना पोरगी?" वडिलांनी तिच्याकडे न बघताच "करन जी" म्हणून टाकलं. तिनं केलंही. दिवाबत्ती केली, हार गुंफले, नैवेद्य रांधला. फक्त प्रसाद तेवढा कपाळाला लावून ओठांपाशी न्यायची आणि हळूच पदरात बांधायची. सकाळी तो अंगणातल्या चिमण्या खात. नवऱ्याला, नितेशलाही, याचा पत्ता नव्हता.

मोठ्या जावेनं, ललितानं, मात्र देवीपुढेच सासूला सुनावलं होतं की मला हे काही पटत नाही. तेव्हापासून ललिता अकोल्याला असते आणि विमलबाई तिचं नावही काढत नाहीत. मोठे भाऊजी दिवाळीला एकटे येतात, एकटे जातात. त्यावरून पौर्णिमाने एकच धडा घेतला होता. या घरात तोंड उघडायचं नाही, ना बोलायला, ना प्रसादाला.

"आज खाऊन टाकजो," ती श्रावणीच्या कानाशी लागली. "गाठ नको बांधू."

"पण मॅडम म्हणे, घरी करता तसंच करा."

समोर एका मुलीनं रुमाल अंथरून कपाळ जमिनीला टेकवलं. मोझरीच्या आश्रमात सामुदायिक प्रार्थनेला जाणाऱ्या आजोबांचा नातू, ईशान, डोळे मिटून असा ताठ बसला की मॅडमना त्याला हलवून उठवावं लागलं. कोणाच्या प्रार्थनेला हसायचं नाही, असं त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या. पौर्णिमाचं कशात लक्ष नव्हतं. पोरीला काखोटीला मारावं आणि सरळ घर गाठावं, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात विमलबाई कौतुकानं मागे वळल्या.

"आपल्या पोरीचा नंबर आला वं."

सासूच्या रागाला ती नेहमीच भ्यायची. हसण्याला आज पहिल्यांदा भ्याली.

श्रावणीनं हात जोडले. ताटलीतले फुटाणे उचलले, कपाळाला लावले, ओठांपाशी नेले. रिकामं तोंड चावल्यासारखं हलवलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि फुटाणे झटकन ओढणीत बांधले.

"आणि हे इकडेतिकडे काय बघितलंस?" मॅडमनी विचारलं.

"आजी पाहून राहिली का, ते पाहा लागते." श्रावणीचा आवाज खणखणीत होता. "आजीनं पाह्यलं तं प्रार्थना होत नाही."

मोठी माणसंच पोट धरून हसली. विमलबाई हसल्या नाहीत.

राजकमल चौकात ऑटो बराच वेळ अडकला, तेव्हा विमलबाई बाहेरच बघत बसल्या. घरी आल्यावर पौर्णिमाने स्वयंपाक केला, पण भाजीत मीठ घातलं की नाही हे तिला आठवेना. कपाटावरची माहेरची सुटकेस उगाचच नजरेत येत होती. पोरीला माझ्याबरोबर पाठवतील की ठेवून घेतील, एवढाच विचार डोक्यात घुमत होता.

संध्याकाळी आरती झाली. विमलबाई प्रसादाची वाटी घेऊन फिरल्या. नितेशला दिला, श्रावणीला दिला. पौर्णिमाने हात पुढे केला. आज गिळूनच टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं, आणि त्यासाठी मनातल्या मनात आईची माफीही मागून झाली होती.

विमलबाई तिच्यासमोर थांबल्या. पसरलेल्या हाताकडे पाहिलं आणि काही न देताच स्वयंपाकघरात निघून गेल्या.

संपलं, पौर्णिमाला वाटलं. ललितालाही आधी प्रसादच बंद झाला होता.

विमलबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात शेंदूरजन्याहून आलेल्या पोत्यातलं एक संत्रं होतं. उभ्या उभ्याच सोलून त्यांनी एक फोड पौर्णिमाच्या हातावर ठेवली.

"हे देवीपुढं ठेवलं नाही. खाय."

"आत्याबाई, मी..." पौर्णिमा सासूला सांगू लागली.

"एवढी भेतं तू मले?"

 पौर्णिमाने फोड तोंडात घातली. ती गिळेपर्यंत विमलबाई हातातली साल चुरगळत तिथंच उभ्या राहिल्या. मग नितेशकडे वळल्या.

"अकोल्याले फोन लाव."

"दादाले?"

"त्याले कावून? ललिताले लाव."